आधी मोकळीक, मग सेवा

तरुणांच्या शिबिरात, प्रार्थनासभेत, लग्न ठरताना किंवा नोकरी बदलताना ख्रिस्ती घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : माझ्या आयुष्याबद्दल देवाची योजना काय आहे? प्रश्न मनापासूनचा असतो आणि त्यामागची ओढही खरी असते. पण तो ज्या रीतीने विचारला जातो, तीत एक समजूत दडलेली असते. जणू देवाने प्रत्येकाच्या नावाचे एक पाकीट बंद करून ठेवले आहे. आत कॉलेज, जोडीदार, शहर, पगार सगळे लिहिलेले आहे. आपण प्रार्थना करायची आणि नेमके आपले पाकीट उचलायचे. भलतेच उचलले गेले तर जन्म वाया. या समजुतीत माणसाच्या स्वातंत्र्याला काही कामच उरत नाही. त्याने फक्त बरोबर अंदाज करायचा आणि चुकण्याच्या भीतीने झुरत राहायचे.

या समजुतीला आधार म्हणून बहुतेक वेळा यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन पुढे केले जाते. दिवाणखान्याच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, वाढदिवसाच्या कार्डावर ते असतेच. पण त्याच्या मागची-पुढची वचने क्वचितच कोणी वाचून दाखवतो. ते वचन एका पत्रातले आहे. यखन्या राजाबरोबर जे लोक बाबेलला धरून नेले गेले, त्यांना यिर्मयाने यरुशलेमहून हे पत्र पाठवले. हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा लोकांना दिलासा देत होता की दोन वर्षांत सगळे परत येणार. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली. म्हणजे ते पत्र ज्यांच्या कानावर प्रथम पडले, त्यांतल्या बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. त्यांना यिर्मया सांगतो की घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला कैद करून आणले त्या शहराचे भले चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. देवाच्या हेतूबद्दलचे ते प्रसिद्ध वचन या आज्ञांच्या पाठोपाठ येते, आणि ते एकट्यादुकट्याला उद्देशून नाही, अख्ख्या समाजाला उद्देशून आहे. परमुलखात अडकलेल्या माणसांकडे जेवढी मोकळीक उरली होती तेवढी कशी वापरायची, एवढेच त्यात सांगितले आहे. कोणाला कोणती नोकरी मिळणार, हे त्यात शोधू नये.

माझे म्हणणे असे की देवाचा हेतू आधीच ठरलेल्या तपशिलांत दडलेला नसतो. मिळालेले स्वातंत्र्य आपण कोणासाठी खर्च करतो, त्यात तो आकार घेतो. आणि हे खरे असेल तर त्यातून दुसरी, अधिक अवघड गोष्ट निघते. जे आपल्या मालकीचे नाही ते खर्चता येत नाही. ज्याला नाही म्हणण्याची मुभाच नाही, त्याच्याकडून करून घेतलेल्या कामाला आपण देवाची सेवा म्हणू नये. आपल्या मंडळ्यांत या दुसऱ्या गोष्टीचा विसर पहिलीपेक्षा जास्त पडलेला आहे.

पौलाच्या चरित्रातली दोन माणसे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. तीत हा ग्रीक. सुंता केल्याशिवाय तो पुरता आपल्यातला नाही, असा आग्रह यरुशलेमेत काहींनी धरला. पौलाने त्यांच्यापुढे घटकाभरही मान तुकवली नाही, आणि गलतीकरांना लिहिताना ही हकीकत त्याने मुद्दाम नोंदवली. पुढे लुस्त्र येथे तीमथ्य भेटला. त्याची आई यहूदी, वडील ग्रीक. त्याची सुंता मात्र पौलाने स्वतःहून करवली, कारण त्या भागातल्या यहूद्यांमध्ये त्याला बरोबर घेऊन काम करायचे होते. वरवर पाहणाऱ्याला ही शुद्ध विसंगती वाटेल. पण तीताच्या बाबतीत सुंता ही तारणाची अट म्हणून मागितली जात होती. ती मान्य केली असती तर कृपेला अर्थच राहिला नसता. तीमथ्याच्या बाबतीत ती अट नव्हती, दुसऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी स्वखुशीने सोसलेली गोष्ट होती. कृती तीच, पण एका ठिकाणी ती जोखड ठरली असती आणि दुसऱ्या ठिकाणी ती देणगी झाली. मूर्तीला दाखवलेल्या मांसाबद्दल करिंथकरांना तो जे लिहितो तेही याच धाटणीचे आहे. खायला मी मोकळा आहे, पण माझ्या खाण्याने दुबळ्या भावाचा विश्वास ढासळणार असेल तर मी मांसाला शिवणार नाही. कोणाच्या धाकाने नव्हे, तर त्या भावासाठी तो हे सोडतो.

फिलेमोनाला लिहिलेले चिमुकले पत्र तर याच विषयावरचे आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम. तो तुरुंगातल्या पौलाच्या सहवासात आला आणि विश्वासू झाला. पौलाला तो आपल्याजवळ हवा होता. प्रेषित या नात्याने फिलेमोनाला हुकूम सोडणे त्याला सहज शक्य होते, आणि तसे तो बोलूनही दाखवतो. पण हुकूम तो सोडत नाही, विनंती करतो, आणि त्याचे कारणही देतो : तुझ्या हातून होणारे चांगले काम भाग पडले म्हणून झालेले नसावे, आपखुशीचे असावे. अधिकार हाती असूनही तो वापरायचा नाही, कारण वापरला तर समोरच्याच्या चांगुलपणातले सत्त्वच जाते, हे त्याला कळलेले होते. मात्र या पत्रात मला एक गोष्ट सलते, आणि ती झाकून पुढे जाता येत नाही. फिलेमोनाच्या स्वातंत्र्याची एवढी जपणूक करणाऱ्या पौलाने अनेसिमाला काय हवे हे विचारल्याचे कुठे दिसत नाही. गुलाम म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून त्याला स्वीकार, असे तो मालकाला सांगतो. ते फार मोठे सांगणे आहे. पण गुलामाने स्वतः काय म्हटले ते आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. अठराशे वर्षांनंतर अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी, पळून आलेल्या गुलामाला मालकाकडे परत पाठवणे कसे शास्त्रसंमत आहे, हे दाखवायला हेच पत्र वापरले. ज्याचे ऐकूनच घेतलेले नाही त्याच्या वतीने इतरांनी ठरवलेली देवाची इच्छा कुठवर जाते, ते तिथे दिसले.

हीच गाठ ल्यूथरच्या काळात पुन्हा पडली. १५२० साली त्याने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. विश्वासाने माणूस सर्वांच्या वर, कोणाचाही अंकित नाही. आणि प्रीतीने तोच माणूस सर्वांचा चाकर, असा त्याचा आशय. या विषयावर याहून नेटके विवेचन माझ्या पाहण्यात नाही. पण पाचच वर्षांनी जर्मनीतले शेतकरी उठले. मेमिंगेन येथे तयार झालेल्या त्यांच्या बारा मागण्यांपैकी एकीत त्यांनी म्हटले की ख्रिस्ताने धनगरापासून थोरामोठ्यांपर्यंत सर्वांना सारखेच सोडवले आहे, तेव्हा आम्ही कोणाचे वेठबिगार नाही. ल्यूथरने त्यांना बजावले की तुम्ही आत्म्याचे स्वातंत्र्य देहावर ओढून आणता आहात, आणि उठाव पेटल्यावर तो मोडून काढायला त्याने राजेरजवाड्यांना चेतवले. हिंसा त्याला नको होती हे समजण्यासारखे आहे. पण सर्वांचा चाकर हो, हा उपदेश जमीनदाराला आणि वेठबिगाराला एकाच सुरात केला की त्याचा अर्थ दोघांसाठी एक राहत नाही. जमीनदाराला तो काहीतरी सोडायला सांगतो. वेठबिगाराला तो आहे तिथेच बस म्हणून सांगतो.

आपल्याकडे हा प्रश्न जितक्या धारदारपणे पंडिता रमाबाईंनी मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल. आणि तो त्यांनी ग्रंथ लिहून नव्हे, भांडून मांडला. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आता ही बाई मठाच्या शिस्तीत मुरेल, धर्मगुरूंचे ऐकेल आणि त्यांनी नेमून दिलेले काम हिंदुस्थानात जाऊन करील, अशी भगिनींची स्वाभाविक अपेक्षा होती. त्यानंतरच्या वर्षांत मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो मराठी ख्रिस्ती माणसाने आवर्जून वाचावा असा आहे. वाद वरकरणी किरकोळ गोष्टींवरून होतात. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत? मांसमच्छी वर्ज्य करण्यात पूर्वीच्या जातीचा ताठा उरला आहे का? चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का? या शेवटच्या प्रश्नावर तर हिंदुस्थानातल्या बिशपांनीही नापसंती कळवली. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते : भटभिक्षुकांच्या जोखडाखालून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, ती आता दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात घालणार नाही. मी देवाचे ऐकेन, पण माझ्या विवेकबुद्धीची राखण दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही.

जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. आजही रमाबाईंची गोष्ट सांगताना आपण हा भाग गाळतो आणि बाप्तिस्म्यावरून थेट दुष्काळातल्या अनाथ मुलींवर येतो. मला वाटते, मधला हा भाग गाळला तर पुढचे काही समजतच नाही. वाँटेजच्या भगिनींचे त्यांच्यावरचे ऋण मोठे होते. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी त्या लंडनमधल्या फुलम येथे एक आश्रम चालवत. तो पाहून रमाबाई हेलावल्या. अशा बायकांना कोणी मायेने जवळ करते, हे त्यांनी प्रथमच पाहिले होते. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणारा ख्रिस्त त्यांना तिथे सापडला. ज्यांनी हे दाखवले त्यांच्याच आज्ञेला त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्याकडून पाहिलेले काम मात्र उचलले. पुढे केडगावला कृपासदन उभे राहिले ते तशाच बायकांसाठी. मठाची आज्ञा पाळून त्या कुठेतरी मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून राहिल्या असत्या तर तेही चांगलेच काम झाले असते. पण अमेरिकेत फिरून, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून, बॉस्टनला स्वतःच्या कामासाठी मंडळ उभे करून, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढणारी बाई त्या आज्ञाधारकपणातून घडली नसती.

इथे माझ्याच मुद्द्याला एक कठीण कसोटी लागते. १८९३ साली शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर आदी मंडळी बाहेर पडली. आक्षेप असा होता की धर्माच्या बाबतीत तटस्थ म्हणवणाऱ्या संस्थेत विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात. रमाबाईंचे म्हणणे होते की माझ्या खोलीचे दार मी प्रार्थनेच्या वेळी लावून घेत नाही, आणि आत येणाऱ्या मुलीला हाकलतही नाही. सदनात मुलींना आपापले सोवळेओवळे आणि स्वयंपाकाचे नियम पाळण्याची मोकळीक होती, हे विरोधकांनाही नाकारता येत नव्हते. तिथवर मी रमाबाईंच्या बाजूचा आहे. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून ज्या मुली केडगावला आणल्या गेल्या, त्यांचे काय? उपाशी, पोरक्या मुलीला ज्या घराने जगवले त्या घराच्या धर्माला नाही म्हणण्याचे बळ तिच्यात कितपत असणार? हा प्रश्न फक्त ख्रिस्ती धर्माच्या विरोधकांनी विचारायचा नाही, तो आपला आहे. रमाबाईंनी स्वतःच्या विवेकाबद्दल जो आग्रह वाँटेजला धरला, त्याच मापाने केडगावही मोजले पाहिजे. माझ्या दृष्टीने त्या मापाला केडगावच्या मुक्ती सदनातली एक गोष्ट बऱ्याच अंशी उतरते : तिथे मुलींना अक्षरे आणि हातातले कसब मिळाले. विणकाम, शेती, छापखाना. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी बायबलचे जे मराठी भाषांतर केले, ते शिकल्यासवरल्या लोकांसाठी नव्हते, जेमतेम वाचू शकणाऱ्या गावाकडच्या बायांना कळावे म्हणून होते. आणि त्याची जुळणी व छपाई सदनातल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर त्या या कामात होत्या. ज्या बाईला शास्त्र स्वतः वाचता येते, तिला त्याचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून घेण्याची सक्ती राहत नाही. हे हत्यार रमाबाईंनी आपल्याच आश्रितांच्या हाती दिले, उद्या ते आपल्याविरुद्ध चालेल याची पर्वा न करता.

दुसरी कसोटी नारायण वामन टिळकांच्या घरातली आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपल्या विवेकाला अनुसरून केलेली ती कृती होती, आणि मराठी ख्रिस्ती भक्तीला तिने केवढे दिले हे सांगायला नको. पण त्या स्वातंत्र्याची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. घर मोडले, पुढची काही वर्षे त्यांना नवऱ्यावाचून नातेवाइकांच्या आश्रयाने काढावी लागली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसता हसता घसा दाटतो तो याचमुळे. देवाच्या हेतूसाठी मी स्वातंत्र्य वापरले, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः प्रत्येक पुरुषाने, त्याचे बिल कोणाच्या हाती गेले हे पाहिले पाहिजे. टिळकांच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगता येते : त्यांनी लक्ष्मीबाईंवर धर्म लादला नाही. एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे त्यांना पाळू दिले. जातिभेद खोटा आहे हे लक्ष्मीबाईंनी आपल्या डोक्याने, आपल्या वेळी ताडले, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करणारी बाई ती हीच. नवऱ्याच्या पाठोपाठ फरफटत आलेल्या बाईच्या हातून ते झाले असते असे मला वाटत नाही.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सगळेच शिष्य त्यात यावेत ही त्यांची इच्छा होती. दोनच वर्षांत ते वारले, दरबार फार वाढला नाही. तरी ते पाऊल मला पौलाच्या पावलावरचे वाटते. करिंथात पौलाला मंडळीकडून पोटापाण्याचे मागण्याचा हक्क होता. त्याने तो घेतला नाही. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तो राहुट्या शिवत बसला, म्हणजे सुवार्ता सांगताना तो कोणाचा मिंधा नव्हता.

आता आपल्याकडे पाहू. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे नगर, जालना, सोलापूरकडच्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले. मिशनच्या शाळेने आणि बोर्डिंगने त्यांना अक्षरे दिली, अक्षरांनी नोकरी दिली, आणि आज आपण पुण्यामुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून देवाची योजना शोधतो. हे मिळालेले स्वातंत्र्य आहे, कमावलेले कमी. आणि ते सगळ्यांना मिळालेले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना. दलित ख्रिस्ती माणूस अजून त्याच्या बाहेर आहे. गावात त्याची जात कोणी विसरत नाही, कागदावर मात्र ती पुसली जाते. या लढ्यात शहरातल्या सुस्थित मंडळ्या किती उतरल्या? आपले पूर्वीचे आडनाव मागे राहिले आणि त्याबरोबर ती माणसेही. लग्न जमवताना मूळ कोणते, असा प्रश्न मात्र हळू आवाजात अजून विचारला जातो. स्वातंत्र्य स्वतःपुरते ठेवले की ते असे नासते.

दुसरीकडे, ज्यांच्याकडे मोकळीक सर्वांत कमी, त्यांच्याकडूनच सेवेची अपेक्षा सर्वांत जास्त. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, सणाचे जेवण, महिला मंडळाची वर्गणी, सगळे बायका ओढतात. पैसा कुठे खर्चायचा आणि पाळक म्हणून कोणाला बोलवायचे हे ठरवणाऱ्या समितीत त्या एक-दोन असतात, आणि त्यांनी मतभेद मांडला तर त्यांना नम्रतेवरचे वचन ऐकवले जाते. मार खाणाऱ्या बाईला क्रूस वाहायला सांगणारा उपदेश मी ऐकला आहे. ख्रिस्ताने क्रूस स्वतः उचलला. माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो, या अर्थाचे त्याचे बोलणे योहानाने नोंदवले आहे. ते बाजूला ठेवून दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस चढवणे हे त्याचे अनुकरण नाही. अशा बाईने घर सोडले, तर तिच्या त्या पावलाला अवज्ञा म्हणण्याआधी पाळकाने वाँटेजची ती पत्रे एकदा काढून वाचावीत, आणि तिला राहायला खोली व हाताला काम कुठे मिळेल याची चौकशी समितीने त्याच आठवड्यात करावी. मंडळीच्या वार्षिक सभेत कंपाउंडच्या भिंतीला आणि रंगकामाला पैसे मंजूर होतात, तसे या कामालाही होऊ शकतात. तेवढी मोकळीक आपल्या हातात आहे.